लांब टोक, आखूड टोक

संग्रहालयात प्रत्येकाला त्याच्या मेलेल्या प्राण्यावरून ओळखत. सापळे सांभाळणारे ते हाडवाले, फुलपाखरांना टाचण्या टोचणाऱ्या त्या टाचणीबाई, आणि तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत एकोणतीस वर्षं बसून असलेले ते शिंपलेवाले. संचालकांना कुठल्याच प्राण्यावरून नाव नव्हतं. याबाबत हाडवाल्यांचं मत वेगळं होतं, पण ते मत ते फक्त जेवणाच्या सुट्टीत सांगत.

शिंपलेवाल्यांच्या खोलीत एक टेबल, एक मायक्रोस्कोप, दोन खुर्च्या (दुसरी पाहुण्यांसाठी, म्हणून नवीकोरी) आणि छताला टेकलेली कपाटं. कपाटांत, चपट्या खोक्यांत, चाळीस हजार शिंपले. त्यांतले एक सोडून सगळे आधीच कुणीतरी ओळखून, नाव देऊन ठेवलेले. ते एक मात्र शिंपलेवाल्यांचं स्वतःचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी ते ताईकडे गेले होते. ताईचं गाव डोंगराच्या उतारावर, आणि घरापासून शंभर पावलं खाली झरा. सगळं गाव तेच पाणी पितं. ताईने त्यांना पाहुणा म्हणून बसवून न ठेवता भाजी धुवायला पिटाळलं. भाजी धुतली, चाळणीच्या तळाशी चिमूटभर वाळू उरली, आणि वाळूत तांदळाच्या कणीएवढ्या रिकाम्या शिंपल्या. त्यांनी त्या काडेपेटीत भरून आणल्या आणि भाजी तिथेच विसरून आले. ताई ते अजून काढते.

मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते त्यांनी तीनदा पाहिलं. शिंपलीला दोन झाकणं असतात, डावं आणि उजवं, आणि मध्ये बिजागरी. बिजागरीत बारीक दात असतात. या चिमुकल्या जातींमध्ये उजव्या झाकणात मधला दात एक, डाव्यात दोन. जगात सगळीकडे हेच. ताईच्या झऱ्यातल्या शिंपलीत नेमकं उलटं होतं: डाव्यात एक, उजव्यात दोन. शिंपलेवाल्यांनी चौदा पानांचा निबंध लिहिला आणि नव्या जातीला बहिणीचं नाव दिलं. निबंध तिघांनी वाचला: त्यांनी स्वतः, छापखान्यातल्या जुळाऱ्याने, आणि त्यांच्या गुरुजींनी, ज्यांचे तेव्हा दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पिकलेले होते. लॅटिन नाव कागदावर राहिलं. बाकी सगळे तिला ताईची शिंपली म्हणू लागले.

पुढे बाटलीबंद पाण्याची एक कंपनी आली. तिला तो झरा हवा होता; पाइप टाकून पाणी खाली कारखान्यात न्यायचं, असा बेत. गावाने अर्ज केले, सह्या केल्या, ताई तर साहेबाच्या टेबलासमोर पाच तास उभी राहिली. उपयोग शून्य. मग कुणालातरी शिंपली आठवली. नियम असा, की जो प्राणी जगात एकाच ठिकाणी राहतो त्याच्या घराला हात लावायचा नाही. माणसांसाठी असा नियम नाही. झऱ्यावर फलक लागला, कंपनी परत गेली आणि गावाच्या तोंडचं पाणी पळता पळता राहिलं.

आता त्या आदेशाची मुदत संपत आली होती. पुढच्या महिन्यात सुनावणी. कंपनीच्या वकिलाने मुद्दा काढला होता, की ही शिंपली जगात एकाच माणसाने ओळखली आहे आणि त्या माणसाची सख्खी बहीण झऱ्यावर राहते. मुद्दा बिनतोड होता. म्हणून सरकारने बाहेरच्या एका तपासणीस बाईंना नेमलं. त्या शुक्रवारी येऊन मूळ नमुना, म्हणजे ज्या एका शिंपलीवर त्या जातीचं नाव उभं होतं तीच, डोळ्यांनी पाहणार होत्या.

शिंपलेवाल्यांना आनंदच झाला होता. बावीस वर्षांत त्यांचं काम बघायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांची खुर्ची पुसली.

सोमवारी ताईने बसच्या ड्रायव्हरच्या हाती एक बरणी पाठवली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत झऱ्याचं पाणी, तळाशी वाळू, आणि चिठ्ठी: "जिवंत पाठवते आहे. तुझ्या बाईंना दाखव. मेलेलं कोण खरं मानतं."

हे वाचून ते हसले. मग हसू मावळलं, कारण त्यांच्या लक्षात आलं, की आपण ही शिंपली जिवंत कधी पाहिलेलीच नाही. शिंपल्यांच्या धंद्यात प्राण्याची तशी गरज नसते. तो आधी काढून टाकावा लागतो. त्यांनी एक शिंपली बशीत घेतली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिला एक टोक लांब, एक आखूड. बराच वेळ काही झालं नाही. मग झाकणं किंचित उघडली आणि जिभेसारखा पांढरा पाय बाहेर आला, वाळू चाचपली आणि शिंपली सरकू लागली.

पाय लांब टोकाकडून आला होता.

शिंपलेवाल्यांनी बशी फिरवून पाहिली. मागे चालत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी दुसरी घेतली. तिसरी घेतली. बरणीत अठरा होत्या. अठराच्या अठरा एकजात लांब टोक पुढे करून निघाल्या, आणि त्यांतली एकही मागे वळून बघायला तयार नव्हती.

त्यांनी निबंधात आखूड टोक पुढचं धरलं होतं. गुरुजी नदीतल्या थोराड शिंपल्यांचे अभ्यासक. त्यांनी शिकवलेलं, की बिजागरीचा उंचवटा ज्या टोकाजवळ ते टोक पुढचं. नदीतल्या थोराडांना ते लागू पडतं. या चिमुकल्यांना बरोबर उलट लागू पडतं, आणि तसं लिहिलेलं पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं. त्यांनी ते काढलं. त्या प्रकरणाची पानं अजून कडेने जोडलेली होती, छापखान्यातून आली तशी. त्यांनी पट्टीने ती फाडली आणि उभ्या उभ्याच वाचली.

माणसाच्या पाठीलाच छाती समजलं तर त्याचा उजवा हात डावा ठरतो. माणूस मात्र तोच असतो. ताईची शिंपली उलट्या दातांची नव्हती. ती सुलट्या दातांची होती आणि शिंपलेवाल्यांनी बावीस वर्षं तिला पाठमोरी धरली होती.

ते खुर्चीत बसले. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, हेही त्यांना कळलं नाही. ते मोजत बसले, की गावात घरं किती. त्रेसष्ट.

घरी बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, की ऑफिस की ताई. ते म्हणाले, दोन्ही. मग त्यांनी सगळं सांगितलं, जेवणाच्या टेबलावर दोन बश्या एकमेकींवर उपड्या ठेवून, कुठलं झाकण डावं आणि कुठलं उजवं ते दाखवत. बायकोने दोन्ही बश्या काढून घेतल्या, कारण त्या नवीन होत्या. मग तिने दूध तापवून उतरवलं. बोलली ती अगदी सहज, दुधाचं भांडं झाकता झाकता.

"अहो, एवढीशी वस्तू. हरवते. माणसाला शिंक येते."

शिंपलेवाल्यांना वाटलं, ती चेष्टा करते आहे. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती, आणि याची त्यांना वेगळीच भीती वाटली, कारण घरी येताना बसमध्ये, अकराव्या थांब्याच्या आसपास, हेच त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं.

मंगळवारी त्यांनी दुसरा काही फरक सापडतो का ते शोधायला घेतलं. दात गेले तर गेले. रेघा असतील, रंग असेल, जाडी असेल. सर्वसाधारण जातीचं, जी कुठल्याही डबक्यात मिळते तिचं, खोकं त्यांनी काढलं. त्यात सहाशे होत्या. त्यातल्या पाच आणि ताईच्या झऱ्यातल्या सुक्या पाच, अशा एका काळ्या ताटलीत समोरासमोर मांडल्या. रेघा मोजल्या. तेवढ्यात फोन वाजला, टेबल जरासं हललं आणि दहाही शिंपल्या ताटलीच्या मधोमध घरंगळल्या.

फोन टाचणीबाईंचा होता, कात्री मागायला. शिंपलेवाल्यांनी कात्री आहे म्हणून सांगितलं आणि ताटलीवर वाकले. पंचवीस मिनिटं त्यांनी दहा शिंपल्या उलट्यासुलट्या केल्या. ज्या माणसाने ही जात शोधली, तिला नाव दिलं, तिच्यावर चौदा पानं लिहिली, त्याला त्या दहांतल्या ताईच्या पाच कुठल्या ते सांगता येईना. शेवटी त्यांनी दहाही डबक्याच्या खोक्यात टाकल्या आणि झाकण लावलं. वर्गीकरण म्हणायचं तर ते तिथेच झालं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते हाडवाल्यांशी आडून आडून बोलले. समजा, एखाद्या सापळ्याला डोकं शेपटीच्या जागी लागलं, तर काय होतं?

हाडवाले चावता चावता थांबले. म्हणाले, काही नाही, चार-पाच महिन्यांत एखादं पोर बोंबलतं. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. वरच्या दालनातल्या मगरीच्या डाव्या-उजव्या फासळ्या त्यांनी अदलाबदल करून बसवल्या होत्या. नऊ वर्षं झाली. रोज सकाळी दालन उघडताना पोटात धस्स होतं.

"तुमचं बरं आहे," हाडवाले म्हणाले. "तुमच्याकडे पोरं येतच नाहीत."

गुरुवारी त्यांनी मूळ नमुना बाहेर काढला. दोन काचेच्या नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे, आणि त्यांच्याच तरुण, टपोऱ्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या: डावं, उजवं. त्यांना वाटलं, चिठ्ठ्या तरी नीट दिसतात ना ते पाहावं. एका नळीचा बोळा काढला, झाकण तळहातावर घेतलं, आणि त्याच क्षणी नाकात हुळहुळलं.

त्यांनी ती शिंक ठरवलेली नव्हती. हे ते शपथेवर सांगू शकले असते, पण कुणाला सांगणार, आणि खरं मानणार कोण? तळहातावर तीन मिलिमीटरचं झाकण, सोबत त्रेसष्ट घरं, आणि नाकात वाढत जाणारी हुळहूळ. उजव्या हाताने नाक गच्च दाबून, डावा हात लांब धरून ते पुतळ्यासारखे उभे राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी वेळाने शिंक परत गेली. झाकण नळीत, बोळा नळीवर, नळी खोक्यात, खोकं कपाटात, किल्ली खिशात. मग ते व्हरांड्यात जाऊन पाच वेळा शिंकले आणि तरीही लगेच खोलीत परतले नाहीत. कारण ती परतवताना, अगदी एक क्षण, त्यांना वाईट वाटलं होतं.

शुक्रवारी तपासणीस बाई बरोबर अकराला आल्या. वय पस्तीसच्या आसपास, खांद्याला पिशवी, हातात अकरा प्रश्नांचा छापील तक्ता. बरणी शिंपलेवाल्यांनी सकाळीच खालच्या कपाटात ढकलली होती.

बाई कमी बोलत होत्या. निबंध मागितला, तो डावीकडे उघडून ठेवला. नमुना मागितला, तो उजवीकडे. एक ओळ निबंधात वाचायची, मग मायक्रोस्कोपमध्ये बघायचं, मग तक्त्यावर खूण. शिंपलेवाले त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होते. चिठ्ठ्या निबंधाशी जुळतात: हो. डावं अशी चिठ्ठी असलेल्या झाकणात मधला दात एक: हो. उजवं अशी चिठ्ठी असलेल्यात दोन: हो. पेन्सिल एकदाही अडखळली नाही. दहा प्रश्न अर्ध्या तासात झाले, आणि दहाही खुणा ताईच्या बाजूने पडल्या.

शिंपलेवाल्यांच्या छातीवरचा धोंडा सरकला. झरा वाचला. त्यांना एक शब्दही खोटं बोलावं लागलं नव्हतं. नुसतं बसून राहावं लागलं होतं, आणि त्याचा त्यांना एकोणतीस वर्षांचा सराव होता.

अकरावा प्रश्न हा प्रश्न नव्हता. तिथे छापलेलं होतं, "नमुना मी स्वतः पाहून खात्री केली आहे," आणि खाली सहीची रेघ. बाईंनी पिशवीतून पेन काढलं, टोपण काढलं आणि थांबल्या.

"सर, खरं सांगू? या रेघेवर आले की मला नेहमी भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मी गोगलगायींची. शिंपल्यांतलं मला जे कळतं ते तुमच्या या निबंधातूनच. काल हॉटेलवर दोनदा वाचला."

आणि त्या जराशा हसल्या.

शिंपलेवाल्यांची नजर निबंधावर गेली. म्हणजे त्यांची चूक त्यांच्याच चुकीवरून पडताळून पाहिली गेली होती, आणि पास झाली होती. आता सही झाली की ती चूक या बाईंची. कंपनी गप्प बसणार नव्हती. ती आणखी कुणाला आणेल, आज नाही तर दोन वर्षांनी, आणि तो शिंपल्यांमधला असेल. तोपर्यंत ही बाई रोज कसलं तरी दालन उघडेल आणि तिच्या पोटात धस्स होईल, आणि का ते तिला कळणारही नाही. मग एक दिवस कळेल. त्यांना सोमवारपासून कळलं होतं आणि पाच दिवसांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं.

पेन कागदाला टेकलं.

"थांबा," शिंपलेवाले म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना तो पुन्हा काढावा लागला. "सही थांबवा."

ते खाली वाकले, कपाट उघडलं, बरणी काढली, एक शिंपली बशीत घेतली आणि मायक्रोस्कोप बाईंच्या दिशेला वळवला. बाई बघत राहिल्या. बशीतल्या प्राण्याला कसलीच घाई नव्हती. त्याने चांगली सात मिनिटं घेतली, आणि तेवढा वेळ शिंपलेवाल्यांना फक्त स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"पाय निघाला," बाई म्हणाल्या.

"कुठल्या टोकाकडून?"

"लांब." मग नजर न हलवता त्यांनी हात लांब करून निबंधाचं तिसरं पान चाचपलं, आकृती जवळ ओढली, आणि डोकं वर काढून ती बघितली. आकृतीत आखूड टोकावर शिंपलेवाल्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पुढचं टोक.

बाईंनी दोन्ही नळ्या उचलल्या आणि टेबलावर त्यांच्या जागा बदलून ठेवल्या. तेवढंच. बावीस वर्षांचं काम एवढ्या हालचालीत संपलं.

बाईंनी विचारलं, की हे कधी कळलं. सोमवारी, शिंपलेवाले म्हणाले. आज शुक्रवार, बाई म्हणाल्या. हो, शिंपलेवाले म्हणाले. तक्त्यात याबद्दल रकाना नव्हता, म्हणून बाईंनी ते लिहिलं नाही. बाकीचं मात्र लिहिलं. खोडरबराने खुणा पुसल्या, नव्या केल्या आणि इतर काही फरक आहे का असं विचारलं. शिंपलेवाल्यांनी काळ्या ताटलीची हकीकत सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली, मग सही केली. अहवाल सोमवारी सरकारात जाईल आणि त्याच दिवशी कंपनीला प्रत मिळेल, असं सांगून त्या उठल्या. दारात थांबल्या. वळून नमस्कार केला आणि गेल्या.

रविवारी सकाळच्या बसने शिंपलेवाले ताईकडे गेले. फोनवर सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं, आणि समोर सांगायचं तर मुळीच नव्हतं, पण बसमध्ये बसल्यावर ती आपोआप जाते. ताई पायरीवर बसून लसूण सोलत होती. तिने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो तसाच पायरीवर ठेवला. तिथेच, चपला पायात ठेवूनच, त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन्ही तळहात जुळवून दाखवलं, उघडून दाखवलं, फिरवून दाखवलं.

ताई शेवटपर्यंत लसूण सोलत राहिली.

"म्हणजे ती आमची नाही?"

"तुमची आहे. पण सगळीकडे आहे. डबक्यात, तळ्यात, कुठेही."

"सगळीकडे असली म्हणजे इथे राहत नाही का ती?"

"राहते. पण कायद्याला ती दुसरीकडे नसलेली लागते."

"आणि आम्ही दुसरीकडे आहोत का?"

ताईने सोललेल्या पाकळ्या वाटीत लोटल्या.

"सहा वर्षांचा होईपर्यंत तू चपला उलट्या घालायचास, छोट्या," ती म्हणाली. "डावी उजव्या पायात. आई म्हणायची, होईल नीट."

ती हसेल, अशी त्यांना आशा वाटली. ती हसली नाही. ओरडलीही नाही. ओरडणारी ताई त्यांना जन्मापासून माहीत होती. ही वेगळीच कुणी होती, आणि छप्पन्नाव्या वर्षी त्यांना तिची इतकी भीती वाटली, की आपण पळत सुटू असं त्यांना खरंच वाटलं.

"कंपनीला कधी कळणार?"

"उद्या."

"गावाला?"

ताईने वाटी आत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि दार ओढून घेतलं.

"कंपनीच्या तोंडून कळायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणजे पुढचं काय ते एक दिवस आधी ठरवता येईल. चल."

"सगळ्यांना एकत्र बोलावलं तर?"

"घरोघर. एकेकाला. आणि तूच सांगायचं. मी फक्त कडी वाजवीन."

ती पुढे, ते मागे, असे ते उतरू लागले. खाली झऱ्यावर कुणीतरी हंडा भरत होतं. पाणी पडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. पहिलं घर उताराच्या वळणावर होतं, निळ्या दाराचं. सहा वर्षांपूर्वी फलक लागला तेव्हा इथल्याच म्हाताऱ्याने शिंपलेवाल्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दोघेही पडले होते. शिंपलेवाल्यांनी तळहात एकमेकांवर ठेवून बघितले. लांब टोक पुढे. आखूड मागे. घामाने हात निसटत होते.

ताईने कडी वाजवली आणि बाजूला झाली.

आतून पावलं येऊ लागली.